गोफमाळावरचे आबा

पहिल्याच भेटीत आबांनी मला चपला हातात घ्यायला लावल्या होत्या, तेही माझ्या अकरा विद्यार्थ्यांसमोर.

धुळ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागून मला तेव्हा दोन महिने झाले होते. मी मूळची जळगावची, मेहरूणची. धुळ्यात कुणी ओळखीचं नव्हतं आणि नोकरीही कंत्राटी होती. गवतं शिकवायची म्हणून मुलांना घेऊन गावाबाहेरच्या माळावर गेले. मोठा, उतरता, मुरमाड माळ. मध्ये एका ठिकाणी काळपट वाळूचं सपाट गोल अंगण दिसलं. वही ठेवायला बरी जागा म्हणून मी त्यावर जाऊन उभी राहिले, मागोमाग मुलंही आली. तेवढ्यात तरवडाच्या झुडपामागून एक उंच, वाळलेला म्हातारा आला. डोक्याला पांढरा रुमाल आणि हातात लांब दांड्याची लाकडी फळी. तो ओरडला नाही. आमच्या पावलांचे ठसे एकेक करून बघत आला आणि म्हणाला, "मॅडम, चपला काढा. आते आठूनच परत जा, आल्या पावली."

आम्ही बारा जण चपला हातात घेऊन, आपापल्या ठशांवर पाय ठेवत बाहेर आलो. मग त्यांनी फळी ओढायला सुरुवात केली. मधल्या खळग्यापासून निघून बाहेर बाहेर गोल फिरत गेले. पाच मिनिटांत वाळू पुन्हा पाट्यासारखी सपाट झाली. मुलांची हसायची सगळी तयारी होती, पण कुणी हसलं नाही.

तो गोल्फचा माळ होता. फार जुना. गोऱ्या अधिकाऱ्यांनी त्यांच्या करमणुकीसाठी नऊ खळगे पाडून तयार केलेला. आमच्याकडच्या उन्हात आणि मुरमात हिरवळ जगणार नाही हे त्यांना पहिल्याच वर्षी कळलं असावं. म्हणून खळग्याभोवती हिरवळीच्या जागी वाळू पसरली, ती वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यात गाड्यांचं जळकं तेल कालवलं. खेळणारे त्याला ब्राऊन म्हणत. बाकी सगळा माळ होता तसाच ठेवला, गवत, दगड, बोरीची झुडपं आणि मधून गेलेला एक नाला. शेजारच्या गावात गोल्फचा गोफ झाला आणि माळाचं नाव गोफमाळ पडलं. गोरे गेले, क्लब राहिला. मी गेले तेव्हा पंचवीस-तीस सभासद होते. डॉक्टर, एक निवृत्त न्यायाधीश, दोन-चार व्यापारी आणि बदलीवर येणारे-जाणारे अधिकारी.

आणि आबा. त्यांचे वडीलही इथेच गवत कापायचे आणि साहेबांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहायचे. आबा सोळाव्या वर्षी कामाला लागले आणि सत्तरीतही फळी ओढत होते. त्यांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. न्यायाधीशही आबाच म्हणत, आणि ते आबांपेक्षा मोठे होते.

पुढे दर रविवारी मी माळावर जायला लागले. खेळायला नाही, गवतांसाठी. आबांना प्रत्येक गवत माहीत होतं, पण त्यांची ओळख पटवायची रीत वेगळी. काडी तोडायची, दाताखाली धरायची, डोळे मिटायचे. मग सांगायचे, हे पवन्या, गाय खाते. हे कुसळी, कोवळं असेपर्यंत बैल खातो, नंतर तोंड लावत नाही. हे कुणीच खात नाही, पण याच्या मुळाशी ससा बसतो. मी पुस्तक उघडून लॅटिन नाव वाचून दाखवायची. ते नीट ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "याला कोण खातं, ते लिहिलंय का त्याच्यात?" बहुतेक वेळा लिहिलेलं नसायचं. "मंग लिखा," म्हणायचे. मी लिहून घ्यायची. त्या चार वह्या आजही माझ्याकडे आहेत आणि त्यांच्यासारखं पुस्तक मला अजून मिळालेलं नाही.

क्लबच्या नियमांची एक छापील पाटी व्हरांड्यात होती. माळावर मात्र आबांचे नियम चालत आणि ते कुठेच लिहिलेले नव्हते. चेंडू हरवला की हरवणाऱ्याने गाजरगवताची दहा रोपं मुळासकट उपटायची. त्याशिवाय दुसरा चेंडू मारायचा नाही. न्यायाधीश त्यासाठी खिशात रबरी हातमोजे घेऊनच येत. एकदा नव्याने बदलून आलेल्या एका मोठ्या अधिकाऱ्याने सांगितलं की मी इथे गवत उपटायला आलेलो नाही. आबांनी पुढच्या खळग्यातला झेंडा काढून मांडीवर घेतला आणि बोरीखाली बसले.

"झेंडा लावा," साहेब म्हणाले.

"लावतो ना साहेब. दहा रोपं होऊ द्या."

"तुम्ही मला ओळखत नाही वाटतं."

"ओळखतो. तुमच्या आधीचे सहा साहेब ओळखतो. त्यांनी बी उपटली."

साहेब दोन मिनिटं उभे राहिले. मग वाकून त्यांनी दहा रोपं उपटली. त्या दिवशी निघताना ते आबांना म्हणाले की ऑफिसात आल्यापासून मनासारखं झालेलं हे पहिलंच काम. ते दोन वर्षं धुळ्यात होते आणि एकही रविवार चुकला नाही. त्यांचे चेंडू फार हरवत, त्यामुळे त्या दोन वर्षांत माळाची एक बाजू गाजरगवतापासून जवळजवळ मोकळी झाली.

उन्हाळ्यात टिटवीने अंडी घातली की तो पट्टा बंद. आबा चार दगड मांडायचे आणि सगळ्यांना सांगायचे, "चौथा होल आजपासून सुट्टीवर." मग महिनाभर आठ खळग्यांचा गोल्फ. बाहेरून स्पर्धेला आलेल्या एका खेळाडूने तक्रार केली की जगात कुठेच असं चालत नाही. आबा म्हणाले, "तिले सांगा. मी सांगी थकनू."

फटका वाकडा गेला तर त्याचं गाव आबांनी ठरवून ठेवलेलं होतं. उत्तरेला हायवेच्या बाजूने भरकटला की आबा मागून शांतपणे म्हणायचे, "गया शिरपूरले." एका रविवारी न्यायाधीशांनी आग्रह करून माझ्या हातात काठी दिली. मी सगळा जोर लावून मारला. चेंडू थेट पूर्वेला, जळगावच्या दिशेने, झुडपात गेला. आबांनी कपाळावर हात धरून तो दिसेनासा होईपर्यंत पाहिला. "माहेरले गया तुमना चेंडू," म्हणाले. मीही दहा रोपं उपटली.

ते व्हरांड्यात कधी बसले नाहीत. पूर्वी त्यांच्या वडिलांना व्हरांड्याची पायरी चढायची मनाई होती, पिशवी खालीच ठेवावी लागे. आता तसं काही राहिलं नव्हतं, सभासद चहाला बोलवत. आबा कप घ्यायचे आणि पायऱ्यांपासून दहा पावलांवर एका दगडावर बसून प्यायचे. मला ते लागायचं. एकदा मी विचारलंच. ते म्हणाले, "राग नाही मॅडम. राग माझ्या बापाने केला, त्याचा हक्क होता. मला इथून सगळा माळ दिसतो. तिथून भिंत दिसते." त्यांच्या घरी मी गेले होते. दोन खोल्या, भिंतीतल्या कोनाड्यात बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्यासमोर ताजी फुलं. वर्षातून एकच सुट्टी ते घेत, बुद्धपौर्णिमेची. त्या दिवशीही संध्याकाळी माळावर चक्कर असायचीच.

माझ्या तिसऱ्या वर्षी क्लबला नवे अध्यक्ष आले. कारखानदार, पन्नाशीचे, उत्साही आणि मनाने चांगले. त्यांचे वडील नुकतेच वारले होते. वडिलांच्या आठवणीसाठी काहीतरी करायचं होतं आणि ते करण्यासाठी त्यांना गोफमाळ दिसला. सरकारी कागदावर तो 'पडीक' म्हणून लागलेला होता. पडीक जमिनीवर झाडं लावावीत, यापेक्षा चांगलं काय असणार? पहिल्या टप्प्यात दोनशे बारा खड्डे ठरले. पत्रिका छापल्या, मोठे पाहुणे ठरले. कामगारांनी चुन्याच्या फक्कीने माळभर फुल्या मारल्या. सोमवारी सकाळी खड्डे खणायला जेसीबी येणार होता.

आबा एकेका सभासदाच्या घरी गेले. सगळ्यांनी त्यांना पाणी दिलं, बसवलं आणि एकच सांगितलं, "आबा, झाडाला कुणी नको म्हणतं का?" न्यायाधीश तेव्हा मुलाकडे पुण्याला होते. शुक्रवारी दुपारी आबा कॉलेजात आले. ते कॉलेजात येण्याची ती पहिलीच वेळ. प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"मॅडम, तुम्ही सांगा त्यांना. माझं ते ऐकणार नाहीत. म्हणतात म्हातारा बिथरला. हाई पडीक नही शे. बठ्ठा माळ भरेल शे. झाडाची सावली पडली की ही गवतं मरतात. गवत गेलं की चंडोल गेला, ससा गेला, खोकड गेलं. तुम्हीच तर वहीत लिहिलंय."

त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. पण ते अध्यक्ष आमच्या कॉलेजच्या व्यवस्थापनातही होते आणि माझं कंत्राट जूनअखेर संपत होतं. मी म्हणाले, "बघते आबा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना समजलं. "बघा," म्हणाले आणि उठले. दारापर्यंत गेल्यावर वळून म्हणाले, "तुम्हाला अडचण होत असेल तर राहू द्या. मी वाईट वाटून घेणार नाही." ते खरंच वाईट वाटून घेणार नव्हते.

शनिवारी सकाळी मी माळावर गेले. आबा एका फुलीजवळ उकिडवे बसले होते. मी विचारलं, काय करताय.

"बघतोय, इथे कोण राहतं."

"मग?"

"मंग त्याले सांगीन, तू चालना जा. दुसरं काय करू? माले लिखता येत नही, नाहीतर कागदच लावला असता प्रत्येकावर."

मी पिशवीतून वही काढली. ठरवून काढली असं म्हणता येणार नाही. हात गेला. "सांगा," म्हटलं, "मी लिहिते."

शनिवार आणि रविवार, दोन्ही दिवस सकाळपासून सूर्य बुडेपर्यंत आम्ही माळावर फिरलो. प्रत्येक फुलीशी आबा थांबायचे, बसायचे, माती चाचपायचे, कधी नाक जमिनीला लावायचे. मग सांगायचे. मी एका चिठ्ठीवर लिहायची आणि ते तिच्यावर दगड ठेवायचे. विद्यार्थ्यांना मी मुद्दाम बोलावलं नाही. काही झालंच तर ते माझ्यापुरतं राहावं.

'इथे पवन्या आहे. पन्नास वर्षं इथेच उगवतो.' 'इथून दोन हातांवर चंडोलाचं घरटं. पिल्लं तीन.' 'इथे खोकडाचं बीळ. मागचं दार नाल्यात.' 'इथे पावसाळ्यात पांढरी भुईछत्री येते. खायची.' 'इथे धाविक पक्षी सकाळी उभा असतो, कारण माहीत नाही.' मध्ये काही वेगळ्याही होत्या. एका फुलीवर आबा मांडी घालून बसले आणि म्हणाले, "लिखा, इथे मी आणि माझा बाप भाकरी खायचो." मी लिहिलं. दुसऱ्या एका फुलीवर: 'इथे कुणीच नाही. नुसता मुरूम आहे. इथे झाड लावायला हरकत नाही.'

मी म्हणाले, "आबा, हे कशाला लिहायचं? ते आपल्याच विरुद्ध जाईल."

"आहे ते लिखा. एक खोटं निघालं की बाकीच्याही चिठ्ठ्या खोट्या."

अशा 'हरकत नाही'च्या चिठ्ठ्या चाळीस झाल्या. बहुतेक नाल्याच्या काठाने आणि क्लबकडे येणाऱ्या रस्त्याच्या कडेने होत्या. आबांनी त्या जागाही तितक्याच बारकाईने पाहिल्या. दोन ठिकाणी तर माझा अंदाज खोडून काढून ते म्हणाले, इथे चालेल, इथे निंब चांगला येईल.

सोमवारी सकाळी मी रजा टाकून माळावर गेले. जेसीबी आला होता, ड्रायव्हर सावलीत बसला होता. थोड्या वेळाने अध्यक्षांची गाडी आली. समोर माळभर दगड आणि दगडांखाली फडफडणारे कागद. त्यांनी पहिली चिठ्ठी उचलली, वाचली, परत दगडाखाली ठेवली. दुसरी उचलली. आबा त्यांच्यामागून दहा पावलांवर चालत होते आणि मी आबांच्या मागे. चंडोलाच्या घरट्याच्या चिठ्ठीशी अध्यक्ष वाकून शोधायला लागले. सापडलं तेव्हा ते लगेच दोन पावलं मागे सरले, पाय उचलून उचलून, आणि मला माझा पहिला दिवस आठवला.

तासभर ते चालले. भाकरीच्या चिठ्ठीवर बराच वेळ थांबले. मग नाल्याच्या काठावर त्यांना 'हरकत नाही' सापडली. ती त्यांनी दोनदा वाचली.

"आबा, हे काय?"

"तिथे कुणी नाही साहेब. तिथे लावा."

"म्हणजे तुमचा झाडांना विरोध नाही?"

"झाडाने माझं काय केलंय?"

अध्यक्ष तिथेच नाल्याच्या काठावर बसले. सफारीची पॅन्ट धुळीत गेली. थोड्या वेळाने त्यांनी हातातली चिठ्ठी उलटसुलट केली. "हे अक्षर कुणाचं?"

"मन्हं," आबा ताबडतोब म्हणाले.

अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिलं. आबांना लिहिता येत नाही हे क्लबात सगळ्यांना माहीत होतं, हजेरीवर ते अंगठा देत. आबा समोर बघत राहिले, चेहऱ्यावर एक रेषही हलली नाही. मला तेव्हा वाटलं, आता मी गप्प बसले तर पुन्हा या माळावर मला पाय ठेवता येणार नाही.

"माझं आहे," मी म्हणाले. "मी तुमच्याच कॉलेजात शिकवते. आणि यातलं एकही वाक्य चुकीचं नाही."

अध्यक्ष म्हणाले, "दोनशे बारा चिठ्ठ्या?"

"हो."

"फळ्यावर इतकं सुवाच्य काढता का?"

त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली आणि नाल्याकडे बोट दाखवलं. चाळीस खड्डे झाले. ठरलेल्या दिवशी ठरलेले पाहुणे आले, भाषणं झाली, रोपं लागली. एक रोप आबांच्या हस्ते लावायचं असं अध्यक्षांनी आयत्या वेळी जाहीर केलं. आबांनी आधी तो खड्डा उथळ आहे म्हणून दहा मिनिटं खोल केला. पाहुणे उन्हात उभे राहिले. माझं कंत्राट पुढच्या वर्षीही झालं. त्यामागे कुणाचा हात होता का, हे मला माहीत नाही आणि मी विचारलं नाही.

आता मी जळगावला असते, पक्क्या नोकरीत. आबांचे गुडघे दुखतात. फळी त्यांच्या सुनेने घेतली आहे. ते दगडावर बसून तिला सूचना देतात आणि ती त्यांतल्या निम्म्या ऐकते. बाकीच्या निम्म्या ऐकत नाही म्हणूनच ती टिकेल, असं आबा मला म्हणाले. दरवर्षी मुलांची एक बस मी तिथे नेते. गवत तसंच आहे. नोव्हेंबरात सगळा उतार तांबूस होतो, वारा आला की एकदम एका बाजूला झुकतो आणि मुलं थोडा वेळ फोन खिशात ठेवतात.

पण मला सांगायचं आहे ते झाडांच्या पुढच्या वर्षाचं. समारंभ झाला की रोपांकडे कुणी फिरकत नाही, हे सगळीकडचंच. आबांना ती झाडं नकोच होती, त्यामुळे त्यांनी लक्ष घातलं नसतं तर कुणी बोट ठेवलं नसतं. त्यांनी हिवाळाभर आणि मग उन्हाळाभर, एक दिवस आड, नाल्यातल्या डोहातून डबे भरून चाळीसही रोपांना पाणी घातलं. डोह आटल्यावर गावच्या विहिरीवरून आणलं. शेळ्या येऊ नयेत म्हणून प्रत्येकाला बोरीच्या काट्यांचं कुंपण केलं. मी विचारलं, आबा, एवढं कशाला? म्हणाले, "आता ते इथलंच झालं ना."

मे महिन्यात एके सकाळी अध्यक्षांच्या बंगल्याच्या फाटकाशी आबा उभे राहिले. धुतलेला सदरा, डोक्याला नवा रुमाल. गावातून बस बदलून आले होते. अध्यक्षांनीच मला हे पुढे कॉलेजच्या कार्यक्रमात सांगितलं. त्यांनी आबांना आत नेऊन बसवलं, चहा मागवला. आबांनी कप हातात घेतला नाही.

"आधी सांगतो, मग चहा," म्हणाले. "एक गेलं साहेब. एकोणचाळीस आहेत."

"अहो आबा, या उन्हात एकोणचाळीस जगली हेच खूप. एका रोपासाठी एवढ्या लांब आलात?"

"गेलं ते माझं. माझ्या हातचं. म्हणून आलो. लोक म्हणतील, म्हाताऱ्याला झाडं नको होती, मुद्दाम मारलं. मी मारलं नाही. पाणी घातलं. मुळाला वाळवी लागली होती."

अध्यक्ष म्हणाले, "आबा, तुमचं एकटं जगून बाकीची एकोणचाळीस गेली असती, तर मी म्हटलं असतं मुद्दाम मारली."

आबांनी यावर नीट विचार केला. "हां," म्हणाले, "ते बी खरं शे." आणि बशीत चहा ओतला.